तेल शेवटी, आधी फेऱ्या मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आचऱ्याजवळच्या घरी वडिलांची २२ इंची काळी सायकल दोन पावसाळे पडवीत उभी होती. बाहेर काढली तेव्हा चेन लालभडक. तुम्ही तिच्यावर वाटीभर खोबरेल सोडलंत, आठवड्याने कंटाळून नवीन चेन टाकलीत, आणि तेव्हापासून चढावर जोर दिला की चेन सटकते. शिवाय प्रत्येक फेरीला पायाखाली 'टक्क' होतं. एका दुकानात 'सगळा सेटच बदला' म्हणाले. तर बदलायचा का? आणि जाता जाता विचारलंत की माळ्यावर टांगलेल्या गियरच्या सायकलचं काय करायचं.

सगळा सेट बदलायची वेळ आलेली दिसत नाही. फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचं दात्यांचं चक्र, जाईल; एक-दोन कॉटर, म्हणजे क्रँक धरून ठेवणाऱ्या पाचरी, जातील. पुढचं चक्र, क्रँक (ज्यांच्या टोकाला पायडल असतं ते हात) आणि त्यांना जोडणारा एक्सल बहुतेक राहतील. पण तेलाचा डबा आणि पाने आधी बाजूला ठेवा. तीस वर्षं मालवणच्या पट्ट्यात गंजलेल्या सायकली उघडतोय. लोक घाईने तेल ओततात, आवाज दोन दिवस दबतो आणि दुखणं कुठे होतं तेच कळेनासं होतं. सायकल स्वतःच सांगते कुठे दुखतंय ते, फक्त ती ते आकड्यांत सांगते.

सायकल मोठ्या स्टँडवर घ्या, म्हणजे मागचं चाक अधांतरी राहील. आधी दाते मोजा. तुमच्या जातीच्या सायकलला पुढे बहुतेक ४८ किंवा ४४ असतात, मागे १८ किंवा २०. समजा पुढे ४८, मागे १८ आहेत आणि चेनला ११० कड्या. (कड्या म्हणजे प्रत्येक पिनपासून पुढच्या पिनेपर्यंत एक, आतली-बाहेरची वेगवेगळी धरून.) पायडल एकदा फिरलं की चेन ४८ कड्या पुढे सरकते. म्हणजे पूर्ण चेन एकदा फिरून यायला पायडलच्या सव्वादोन-अडीच फेऱ्या लागतात, आणि मागचं चाक एका फेरीत अडीच-पावणेतीन वेळा फिरतं.

आता हाताने पायडल सावकाश फिरवा आणि झटका किती फेऱ्यांनी येतो ते मोजा. सव्वादोन फेऱ्यांनी एकदा येत असेल तर चेनमध्ये एक कडी आखडलेली आहे. प्रत्येक फेरीला ठरलेल्या जागी येत असेल तर पुढचं चक्र वाकलंय नाहीतर कॉटर ढिला आहे. फेरीला अडीच-तीन वेळा येत असेल तर मागे बघा, फ्रीव्हील डुगडुगतंय किंवा मागच्या एक्सलचे छर्रे गेलेत. आणि हाताने फिरवताना काहीच नाही, फक्त बसून जोर दिल्यावरच सटकत असेल, तर दाते झिजलेत किंवा फ्रीव्हीलच्या आतले, चाकाला एकाच दिशेने पकडणारे खटके पकडत नाहीत.

तुमचं 'टक्क' प्रत्येक फेरीला आहे आणि सटकणं फक्त चढावर आहे. म्हणजे दुखणी दोन आहेत आणि एकमेकांशी त्यांचा काही संबंध नाही. दुकानदाराने ती एकत्र धरली म्हणून 'सेट' झाला.

आधी सटकणं. पुढचं चाक खळ्याच्या भिंतीला टेकवा, कोणाला तरी मागचा ब्रेक गच्च दाबायला सांगा, उजवं पायडल आडवं ठेवून त्यावर उभं राहिल्यासारखं वजन टाका आणि मान वळवून मागे बघा. चेन दात्यांवर चढून पुढच्या दात्यात पडली, तर दाते झिजलेत. चेन दात्यांना धरून आहे, पण दात्यांचं कडंच हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, पुढे घसरलं, तर खटके. दोन्हीत पायाला सारखाच हिसका बसतो, म्हणून डोळ्यांनी बघायला सांगतोय.

नवीन चेन टाकल्यावर सटकायला लागली म्हणता, तेव्हा माझा अंदाज दात्यांचा आहे. चेन जुनी होते तेव्हा लोखंड ताणलं जात नाही. प्रत्येक सांध्यातली पिन आणि तिच्याभोवतीची नळी झिजते. दोन पिनांमधलं अंतर नवीन चेनमध्ये बरोबर अर्धा इंच असतं. २४ कड्यांचं अंतर १२ इंच भरायला हवं. जुनी चेन फेकली नसेल तर खिळ्याला अडकवून ताणा आणि लोखंडी पट्टीने पिनेच्या मध्यापासून मोजा. १२ इंचांवर १/१६ इंच जास्त भरलं तर चेन बदलायला झाली. सांध्यामागे हिशेब केलात तर झीज मिलिमीटरचा पंधरावा भाग आहे फक्त, पण २४ सांध्यांची मिळून दिसते. १/८ इंच जास्त भरलं, तर तिने फ्रीव्हीललाही आपल्यासारखं करून ठेवलंय असं समजा.

कारण लांबलेली चेन दात्याच्या बुडाशी बसत नाही, वर सरकून बसते आणि दाता एका बाजूने खाते. दोघं मिळून झिजतात, एकमेकांना सांभाळून घेतात आणि वर्षानुवर्षं सटकत नाहीत. तिथे अर्धा इंचाची नवी चेन आली की तिचं या झिजलेल्या दात्यांशी जमत नाही. जोर दिला की ती सरळ वर चढते. दाते बाजूने बघा. नवीन दाता दोन्ही बाजूंनी सारखा उतरता असतो. झिजलेला गळाच्या टोकासारखा एका अंगाला झुकलेला दिसतो. मागचे दाते आधी जातात, कारण पुढचा दाता एकदा काम करतो तोवर मागचा अडीच-तीनदा करतो. म्हणून फ्रीव्हील बदला आणि पुढचं चक्र तूर्त राहू द्या. नवी चेन पुढच्या चक्रावर बसवून चक्राच्या पुढच्या टोकाला चिमटीत धरून ओढा; दाता अर्ध्याहून जास्त उघडा पडला तरच त्याचा विचार करा.

एक खात्री मात्र करून घ्या. चेन १/८ इंच रुंदीचीच दिली आहे ना? गियरच्या सायकलची चेन ३/३२ ची, आतून अरुंद असते. काळ्या सायकलच्या जाड दात्यांवर ती बसल्यासारखी वाटते, पण तळाला जात नाही. गडबडीत कोणी अशी चेन देऊ शकतं. मग फ्रीव्हीलला दोष देऊन उपयोग नाही.

आता गंजाबद्दल. तुम्ही लिहिलंत, 'पावसात नव्हती, छपराखाली होती, तरी एवढी कशी गंजली?' छपराखाली होती म्हणूनच. समुद्रावरून येणारा वारा मीठ आणतो आणि ते लोखंडावर बसतं. उघड्यावरच्या सायकलवरचं मीठ मिरगाचा पाऊस धुऊन नेतो, पावसाचं पाणी गोडंच. पडवीतल्या सायकलवर वारा पोचतो, पाऊस पोचत नाही, मीठ तसंच साचत राहतं. साधं मीठ हवेत ७५ टक्क्यांच्या वर दमटपणा गेला की स्वतःच पाणी ओढून ओलं होतं. बरणीतलं मीठ आषाढात कसं पाझरतं ते घरात बघितलं असेल. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते तर त्याहून कितीतरी कमी दमटपणात ओले होतात. आपल्याकडे पावसाळ्यात हवा ७५ च्या खाली क्वचितच उतरते. म्हणजे चेन चार महिने ओल्या मिठात पडून असते, एक थेंब पाऊस न लागता. भिंतीकडची, आडोशाची बाजूच जास्त खाल्लेली मी अनेक सायकलींवर बघितली आहे.

म्हणून तेलाआधी पाणी. विहिरीचं गोडं पाणी, बादलीभर, फडक्याने आणि जुन्या दात घासायच्या ब्रशाने. नळीचा जोरदार फवारा एक्सलवर किंवा फ्रीव्हीलच्या तोंडावर मारू नका, मीठच आत जाईल. धुऊन झालं की उन्हात अर्धा दिवस. मिठावर तेल ओतलं तर मीठ आतच कोंडतं आणि तेलाखाली गंज सुरू राहतो. तुमच्या खोबरेलाने तेच केलं. खोबरेल तसंही चेनला नको. ते चिकट होत जातं, वाऱ्याबरोबर जांभ्याची लाल धूळ धरतं आणि तिचा लेप होतो. ही धूळ आणि गंज रंगाने सारखेच, कारण दोन्हींत लोखंडाचाच ऑक्साइड. तेलकट चेनवरून बोट फिरवून चोळून बघा. कुरकुर लागली तर सांध्यासांध्यात पॉलिश पेपर फिरतोय असं समजा.

गंज काढायला आंबट वापरू का, असंही लोक विचारतात. एका गिऱ्हाइकाने चेन रात्रभर कोकमाच्या आगळात भिजवली होती. चिंचेने तांब्या लखलखतो म्हणून. सकाळी चेन खरंच चकचकीत झाली आणि चार दिवसांत आधीपेक्षा वाईट. आगळात मीठ असतं हे त्या बिचाऱ्याच्या लक्षातच आलं नाही, पण नुसतं आंबटही नको. आम्ल सांध्याच्या आत राहतं, ते धुऊन निघत नाही, आणि कडक केलेलं पोलाद आम्लात जास्त वेळ राहिलं की ठिसूळ होऊ शकतं. चढावर चेन तुटली की गुडघा थेट दांड्यावर आपटतो.

जुनी चेन वाचवायची असेल तर माझी पद्धत साधी आहे. चेनचं लॉक पक्कडीने सोडवा. ते कुठल्या तोंडाने बसलंय ते बघून ठेवा: लॉकचं बंद टोक चेन जाते त्या दिशेला हवं, उघडं टोक मागे. उलटं बसलं तर कुठेतरी घासून निघतं आणि चेन रस्त्यावर पडते. चेन डिझेलमध्ये रात्रभर ठेवा. पूर्वी रॉकेल वापरायचो, आता ते सहज मिळत नाही, डिझेल चालतं आणि वर थोडं तेलाचं अंगही ठेवतं. चुलीपासून लांब ठेवा. सकाळी नारळाच्या सोडणाने घासा. तारेच्या ब्रशापेक्षा सोडण बरं, काथ्या फटीत शिरतो आणि पोलादाला ओरखडत नाही. मग एकेक सांधा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून वर-खाली हलवा. आखडलेला सापडला की तो आडवा, म्हणजे चेन जशी वाकत नाही त्या बाजूला, हलकेच उजवी-डावीकडे दाबा. आतली पाती बाजूला होतात, गंजाची कड सुटते, सांधा मोकळा होतो. अशा चार-सहा कड्या असतील तर ठीक. पंधरा-वीस निघाल्या, किंवा पिनांची डोकी खाल्लेली दिसली, किंवा एखादी नळी तडकलेली दिसली, तर वेळ घालवू नका. उरलेलं डिझेल विहिरीजवळ किंवा माडाच्या आळ्यात ओतू नका. बाटलीत भरून ठेवलं की गाळ खाली बसतो आणि वरचं पुन्हा वापरता येतं.

फ्रीव्हीलवर थोडा जास्त वेळ घेतो, कारण किनाऱ्यावर सगळ्यात आधी तेच जातं. त्याची दुखणी दोन, एकमेकांच्या उलट. एक, खटके आत चिकटून बसतात, पायडल रिकामं फिरतं. दुसरं, आत छर्रे गंजून जाम होतात आणि सोडलं तरी फ्रीव्हील फिरत नाही. मग उतारावर पायडल आपोआप फिरतं, नडगीला लागतं, वरची चेन ढिली पडून लोंबते.

पहिल्याचं उदाहरण सांगतो. एक मासेवाला सकाळी बंदरावरून माल घेऊन गावोगाव जायचा. कॅरिअरवर टोपली, टोपलीत बर्फ. एक दिवस सायकल ढकलत दुकानात आला, म्हणाला, "पायडल फिरता, पण सायकल जाणा नाय." चेन नवीन, दाते बरे. मी खाली बसून बघितलं तर कॅरिअरच्या उजव्या दांडीवरून बर्फाचं पाणी ओघळल्याची पांढरी रेघ होती, आणि ती बरोबर फ्रीव्हीलच्या तोंडावर संपत होती. खारं पाणी, दिवसाला दोन तास, थेंब थेंब. चाक काढून आडवं ठेवलं, दात्यांचं कडं आणि आतली वाटी यांच्यामधल्या फटीत डिझेल सोडलं, कडं उलटं फिरवत राहिलो. आधी लाल चिखल आला, मग काळा, मग पातळ. अर्ध्या तासाने आतून 'टिक' आलं, आणि थोड्या वेळाने दोन्ही खटक्यांचं 'टिकटिक टिकटिक' सुरू झालं. वर शिलाई मशीनचं पातळ तेल चार थेंब. कॅरिअरच्या त्या दांडीला खाली एक जुन्या ट्यूबचा तुकडा बांधून दिला, पाणी पलीकडे पडायला. फ्रीव्हील त्यानंतर बरंच चाललं.

तुमचंही फ्रीव्हील दात्यांनी ठीक निघालं आणि खटक्यांनी वाईट, तर हेच करून बघा. फ्रीव्हीलमध्ये ग्रीस मात्र भरू नका. छर्ऱ्यांना ते चाललं असतं, पण खटक्यांच्या मागे केसासारखी बारीक स्प्रिंग असते, जाड ग्रीसमध्ये तिला खटका उचलता येत नाही. उघडायचंच असेल तर वरच्या चकतीला दोन भोकं असतात, तिची चूड (आटे) उलटी आहे: घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटते. हे ठाऊक नसलेल्याने छिन्नी लावून ती चकती आणखी घट्ट केलेली बघितली आहे. उघडताना खाली परात ठेवा. आत १/८ इंची छर्ऱ्यांच्या दोन ओळी असतात, त्या खळखळ पडतात, आणि चकतीखाली पत्र्याच्या पातळ रिंगा असतात. त्या हरवल्या तर फ्रीव्हील कायमचं डुगडुगतं. छर्रे मोजून करवंटीत ठेवा. दुकानात आम्ही प्लास्टिकचे डबे घेतले, पण करवंटी कलंडत नाही आणि कोपऱ्यात छर्रा अडकत नाही.

बदलायचं ठरलं तर अख्खं फ्रीव्हील हबवरून काढावं लागतं. त्याची चूड साधी, डावीकडे फिरवून सुटणारी, पण तुमच्या वडिलांनी वर्षानुवर्षं पायडल मारून ती रोज घट्ट केली आहे, आणि गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते म्हणून चूडही आतून फुगून आवळलेली असते. आदल्या रात्री मागून चुडीवर डिझेल सोडा. फ्रीव्हीलच्या खाचांत बसणारं दोन दातांचं हत्यार हवं. ते एक्सलच्या नटाने हलकं दाबून बसवा, नाहीतर निसटून खाचा तुटतात. मग हत्यार व्हाइसमध्ये धरून चाकच मोटारीच्या स्टिअरिंगसारखं डावीकडे फिरवा. पहिला 'कट' आवाज आला की थांबून नट काढा, मग पुढे फिरवा. हे काम घरी हत्याराशिवाय करू नका. चाक सुटं करून दुकानात न्या, पाच मिनिटांचं काम आहे. नवीन बसवताना हबच्या चुडीला ग्रीसचं बोट फिरवायला सांगा, पुढच्या वेळी तुम्हीच दुवा द्याल.

आता ते 'टक्क'. दोन्ही पायडलं आडवी ठेवा, एक पुढे एक मागे, आणि दोन्ही तळहातांनी एकाच वेळी खाली दाबा. मग अर्धी फेरी फिरवून परत तसंच दाबा. दुसऱ्यांदा दाबताना एखादा क्रँक किंचित सरकून 'टक्क' झालं तर त्याचा कॉटर गेला. कॉटर म्हणजे क्रँकला एक्सलवर धरून ठेवणारी पाचर, एका बाजूने तासलेली. ती गंजून किंवा चेपून सैल झाली की प्रत्येक फेरीत जोराची दिशा बदलली की क्रँक हलतो. असं चालवत राहिलं तर एक्सलवरची खाच खाल्ली जाते, मग नवीन कॉटरही टिकत नाही. म्हणून सटकण्याच्या दुरुस्तीआधी हे करा. तसा आवाज कधी क्रँकमधून न येता पायडलच्या आतल्या दांड्यातूनही येतो. पायडल धरून बाजूला हलवून बघा. ते काढायची वेळ आली तर डाव्या पायडलची चूड उलटी असते, हे लक्षात असू द्या.

शिकाऊ होतो तेव्हा मी एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या सायकलचा कॉटर काढताना नट आधीच काढून टाकला आणि चुडीच्या टोकावर हातोडी घातली. तिसऱ्या घावाला टोक छत्रीसारखं पसरलं आणि कॉटर ना आत ना बाहेर. संध्याकाळपर्यंत ड्रिल करत बसलो, मालकाने चहासुद्धा विचारला नाही. तेव्हापासूनची रीत: रात्री डिझेल, सकाळी नट सैल करून टोकाच्या बरोबरीला आणायचा, म्हणजे मार चुडीवर पडत नाही. क्रँकखाली कॉटरच्या दोन्ही बाजूंना आधार येईल असा लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीवर उभा टेकवायचा, म्हणजे घाव एक्सलच्या छर्ऱ्यांवर आणि ते ज्यात फिरतात त्या कपांवर जात नाही. मग एकच, पण मनापासून घाव. दहा भीतभीत मारलेल्या घावांनी टोक पसरतं. नवीन कॉटर हातोडीनेच ठोकून बसवायचा, नटाने ओढून नाही. नट फक्त राखणीला. बसवताना दोन्ही क्रँक आडवे असताना एकीकडचा नट वर आणि दुसरीकडचा खाली यायला हवा, तसं झालं नाही तर पायडलं एका रेषेत येत नाहीत. पन्नासेक किलोमीटर चालवून परत एकदा ठोका आणि नट आवळा.

क्रँक निघालेच आहेत तर एक्सलही बघून घ्या. डावीकडची रिंग सैल करून डावा कप काढा. उजवा कप उलट्या चुडीचा आहे, त्याला कारण नसताना हात लावू नका. बऱ्याचदा आतून चमचाभर गंजाचं पाणी पडतं. पाणी सीटच्या नळीतून उतरतं आणि खाली साठतं. दोन्ही बाजूंना पाव इंची छर्रे असतात, सुटे असतील तर एका बाजूला ११. एकही काळा पडलेला किंवा खरबरीत दिसला तर सगळे बदला, एकदोन बदलून उपयोग नाही. कपाच्या आत नखाने खरबडून बघा. नख अडखळलं तर कपही गेला. इथे मात्र ग्रीस भरपूर, हात आखडता घेऊ नका.

चाक परत लावताना चेन फार ताणू नका. चेनच्या खालच्या बाजूला मधोमध बोटाने दाबलं तर वर-खाली मिळून दीड-दोन सेंटिमीटर हलायला हवी. पायडल फिरवताना एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी ढिली होईल, कारण चक्र पूर्ण गोल नसतं. घट्ट जागी हा हिशेब धरा.

गियरच्या सायकलबद्दल थोडक्यात. ती काळीपेक्षा नाजूक, पण माळ्यावर होती म्हणजे मीठ कमी बसलं असेल. एकाच गियरवर सटकत असेल तर त्या गियरचे दाते. सगळ्याच गियरवर सटकत असेल तर चेन, केबल नाहीतर डिरेलर (चेन एका गियरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) टांगलेला हुक. मागून बघा, डिरेलरची दोन छोटी चाकं एकाखाली एक सरळ उभी दिसतात का. तिरकी असतील तर माळ्यावर चढवताना हुक वाकलाय. ती चाकं बोटाने फिरवा, बरीच जाम निघतात. केबल बाहेरच्या नळीत गंजली की गियर चढतो पण उतरत नाही. तेल सोडू नका, केबल आणि नळी दोन्ही बदला, स्वस्त पडतं. डिरेलरवरच्या दोन बारीक स्क्रूंना हात लावायचा मोह होईल. ते पडून पडून आपोआप फिरत नाहीत. तिथे छेडछाड केली की चेन स्पोकमध्ये जाईल.

आणि आता तेल. चेन कोरडी, मीठमुक्त, फिरायला मोकळी झाल्यावर प्रत्येक नळीवर एक थेंब, आतल्या बाजूने, पायडल उलटं फिरवत. ११० थेंब होतात, दहा मिनिटं जातात. दहा मिनिटं तशीच राहू द्या, मग फडक्याने बाहेरून इतकं पुसा की चेन कोरडी वाटली पाहिजे. बाहेर दिसणारं तेल वाळू धरायच्याच कामाचं. मोटारीचं जळकं ऑइल नको, त्यात आधीच बारीक कचरा असतो. फवाऱ्याच्या डब्यातलं पाणी हटवणारं पातळ तेल धुतल्यावर मारायला छान, पण तेवढ्यावर पावसाळा निघत नाही, वरून खरं तेल हवंच. रापणीला (किनाऱ्यावरून जाळं ओढायला) जाणारे सायकल वाळूत आडवी टाकतात. तुम्हीही तसं केलंत तर घरी येऊन आधी झटका, मग धुवा, मग तेल. उलटा क्रम केला की वाळू तेलात भिजून आत जाते.

मिरगाच्या आधी एकदा आणि नारळी पौर्णिमेनंतर एकदा एवढं धुणं-तेल केलं तरी पुरे. पडवीत ठेवताना प्लास्टिकने गच्च बांधू नका, आत दमटपणा कोंडतो. भिंतीपासून हातभर सोडून ठेवा आणि येता-जाता पायडल दोन फेऱ्या मागे फिरवा.

फ्रीव्हील आणि कॉटर आणायला मालवणात किंवा कणकवलीत जाल तेव्हा जुने दोन्ही खिशात घेऊन जा. कॉटर वेगवेगळ्या जाडीचे मिळतात, नुसतं बघून फरक कळत नाही. पातळ दिला तर तो नटापर्यंत आत जाईल आणि 'टक्क' तसंच राहील. जुना पूर्ण चेपलेला असेल तर क्रँकच घेऊन जा आणि तिथेच भोकात घालून बघा: हाताने दाबून पाऊण जावा, उरलेला हातोडीने.